देण्याचा हक्क



आज ५ एप्रिल. १९२२ साली याच तारखेला केडगावला पंडिता रमाबाई प्रभूमध्ये विसावल्या. त्यांच्या स्मृतिदिनी ख्रिस्ती अर्पणाविषयी बोलावं, असं तुम्ही मला सांगितलंत. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. धर्मशास्त्राचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. जे बोलणार आहे त्यातलं काही वाचलेलं आहे, बरंचसं घरात पाहिलेलं आहे. तेव्हा सुरुवात घरातूनच करते.

नेवासे तालुक्यातलं आमचं गाव. आजीच्या चुलीशेजारी भिंतीत एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात डालड्याचा एक रिकामा डबा. पहाटे दळायला बसली की आजी सुपात बाजरी घ्यायची, खडे निवडायची आणि जात्यात पहिली वैरण घालण्याआधी एक मूठ त्या डब्यात टाकायची. बोटं घट्ट मिटली तरी करंगळीच्या बाजूनं चार दाणे निसटायचेच. ते दाणे ती परत सुपात ढकलायची नाही. एकेक वेचून डब्यातच टाकायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “मुठीत आले ना? मग ते आता आपले न्हाईत.”

शनिवारी संध्याकाळी मंडळीतल्या बायका घरोघर फिरून ही मूठ गोळा करायच्या. रविवारी उपासनेत ते पोतं पुढे आणून ठेवलं जायचं. त्यातलं थोडं पाळकांच्या घरी जायचं, थोडं एखाद्या निराधार म्हातारीकडे, उरलेलं विकून देवळाच्या छपराची डागडुजी व्हायची. आमच्या भागातल्या पुष्कळ खेड्यांत असंच चालायचं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

मला त्यातलं विशेष कळलं ते फार उशिरा, वडिलांनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली तेव्हा. पणजोबा गावचे येसकर. पाळी असली की दिवसभर गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी घराघरापुढे उभं राहून भाकरी मागायची. दारापासून लांब उभं राहायचं, वाकून जोहार घालायचा, घोंगडीची खोळ पुढे करायची. भाकरी वरून पडायची, कारण हाताला हात लागता कामा नये. आजी लहानपणी बापाबरोबर जायची. वरून पडणारी ती भाकरी तिनं झेललेली होती. ज्या घराण्याचा हात पिढ्यानपिढ्या फक्त खालीच धरला गेला, त्या घराण्यातली ही बाई रोज पहाटे एक मूठ वर उचलत होती आणि आपल्या हातानं खाली सोडत होती. बाजरी थोडी होती. पण ती देणारी होती, आणि हे तिला तिच्या तारणाऱ्यानं दिलेलं होतं. तिच्या लेखी बाप्तिस्म्याचा अर्थ जितका डोक्यावरच्या पाण्यात होता तितकाच त्या डब्यातही होता, असं मला आता वाटतं.

आज मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. गरिबाकडून अर्पण मागून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि गरिबाला अर्पण करण्यापासून अडवण्याचा अधिकारही कुणाला नाही. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं वाटेल. शुभवर्तमान वाचताना मला ती एकत्रच सापडतात.

विधवेची गोष्ट घ्या. अर्पणाच्या रविवारी ती हमखास वाचली जाते. यरुशलेमच्या मंदिरात अर्पणाच्या तेरा पेट्या असत, प्रत्येकीचं तोंड शिंगासारखं, असं जुन्या यहुदी ग्रंथात नोंदलेलं आहे. अशा तोंडात नाणी पडली की आवाज होणारच, आणि कोण किती टाकतो ते न बघताही कळणार. त्या गर्दीत एक विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. आपल्या मराठी शास्त्रातला हा शब्द मला फार आवडतो. व्यवहारातून कधीच गेलेलं नाणं, पण शास्त्रात जिवंत राहिलं. त्या नाण्याची किंमत काय? मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार. अशा १२८ टोल्या मिळून एक दीनार होई. म्हणजे तिनं टाकलं ते दिवसभराच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. आज शेतावर चारशे रुपये रोज धरला, तर सहा रुपये आणि काही पैसे. येशू शिष्यांना बोलावून सांगतो की सगळ्यांपेक्षा जास्त हिनं टाकलं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं आणि हिच्याजवळ काही उरलंच नाही.

इथवर आपण सगळे वाचतो. पण मार्काच्या शुभवर्तमानात या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे, ते कितीजणांच्या लक्षात असतं? लगेच आधी येशू शास्त्र्यांवर कडाडतो. लांब झगे घालून बाजारात नमस्कार घेणारे, देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे, आणि विधवांची घरं गिळणारे. विधवांची घरं! आणि पुढच्याच ओळींत एक विधवा येऊन आपलं होतं नव्हतं ते त्याच मंदिराच्या पेटीत टाकते. त्यानंतर येशू बाहेर पडतो आणि सांगतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक ठेवल्या आहेत. मधली तेवढी उचलून वर्गणीच्या पावतीवर छापली, तर शुभवर्तमानाशी प्रतारणा होते. येशूनं त्या बाईला गौरवलं. पेटीला गौरवलेलं नाही. तिला कुणी मागितलेलंही नव्हतं. कुठल्या शास्त्र्यानं व्यासपीठावरून तिला तिच्या टोल्यांची आठवण करून दिली असती, तर ती गोष्ट तिची उरली नसती, त्या शास्त्र्याची झाली असती.

हे मी इतक्या तीव्रतेनं का म्हणते ते सांगते. एका शहरातल्या एका मंडळीत मी काही वर्षं जात होते. नाव सांगत नाही, सांगण्याची गरज नाही. तिथे इमारतीसाठी निधी जमवायचं ठरलं आणि दर रविवारी दात्यांची नावं आकड्यांसह वाचली जाऊ लागली. मोठा आकडा आधी. एक लाख, पन्नास हजार, पंचवीस हजार. हजाराच्या खाली आलं की वाचणारा म्हणे, “आणि इतर.” माझ्या शेजारी एक बाई बसायच्या. चार घरची धुणीभांडी करायच्या. त्यांनी पाकिटात पन्नास रुपये घातले होते आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं. प्रौढ वयात लिहायला शिकलेल्या माणसाचं असतं तसं, एकेक अक्षर सुटं. त्या महिनाभर आपलं नाव ऐकू येईल म्हणून कान देऊन बसत होत्या. ते “इतर”मध्ये गेलं. नंतर त्या येईनाशा झाल्या. उजव्या हातानं काय दिलं ते डाव्याला कळू नये, असं शिकवणाऱ्या प्रभूच्या घरात हे घडलं, आणि मीही तिथे गप्प बसले होते.

आता दुसरी बाजू. बेथानीच्या घरात जेवण चालू आहे आणि एक स्त्री सुगंधी तेलाची कुपी घेऊन येते. योहान तिचं नाव सांगतो: मरीया, मार्था आणि लाजराची बहीण. तेल होतं शुद्ध जटामांसीचं. मराठी शास्त्रात हा शब्द वाचताना मी पहिल्यांदा थबकले ती याच ठिकाणी. जटामांसी? ती तर आपल्या वैद्यांच्या पुडीत असते. ती हिमालयात उंचावर, तीन हजार मीटरच्या वर उगवते. तिच्या मुळांवर केसांसारखे तंतू असतात, म्हणून जटामांसी. तिचं तेल त्या काळी पश्चिमेला हिंदुस्थानातूनच जायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात जटामांसी आहे, आणि त्याच किनाऱ्यावर पुढे सोपारा, कल्याण, चौल ही नावं आहेत. वसईकडचे जे बंधू आज इथे आले आहेत त्यांना सोपारा कुठे ते सांगायला नको. ख्रिस्ताच्या पायांवर ओतलेला तो सुगंध आपल्याच डोंगरात उगवला होता, आणि आपल्या या किनाऱ्यावरून तसल्या सुगंधाचा व्यापार चालत होता. मला हे समजलं त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी बराच वेळ नकाशा उघडून बसले होते.

तर असं दूरवरून आलेलं तेल. वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. किंमत तीनशे दीनारांवर, म्हणजे मजुराची जवळपास वर्षाची कमाई. तिनं ते थेंब थेंब वापरलं नाही. मार्क लिहितो की तिनं कुपीच फोडली. फुटलेल्या कुपीत काही शिल्लक ठेवता येत नाही. हातचं राखून देणं म्हणतो आपण. तिनं हातचं राखण्याची सोयच ठेवली नाही.

आणि लगेच आवाज उठला: हा नाश कशाला? हे विकून गरिबांना देता आलं असतं. योहानाप्रमाणे हे यहूदा इस्कर्योत बोलला, मत्तयाप्रमाणे सगळे शिष्य. मला मत्तयाचं म्हणणं अधिक पटतं, कारण हा आक्षेप चांगल्या माणसांचाच असतो. हिशेब ठेवणाऱ्यांचा, जबाबदार माणसांचा. येशूनं त्यांना काय सांगितलं? तिला त्रास देऊ नका, तिला करू द्या. मग गरिबांबद्दल तो जे बोलला त्याचा आजवर भलताच अर्थ लावला गेला आहे. गरीब तर कायम राहणारच, मग त्यांची काळजी कशाला, असा. येशूच्या तोंडचे ते शब्द अनुवाद या पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायातले आहेत, आणि तिथे त्यापुढची आज्ञा अशी आहे की देशात गरीब असतील म्हणूनच आपल्या गरजू भावासाठी हात मोकळा सोड. त्याच अध्यायात मूठ आवळू नकोस असंही बजावलं आहे. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मोशेच्या नियमशास्त्रात झाकल्या मुठीला किंमत नाही.

गरिबाला देऊ द्यावं, अडवू नये, हे मला बेथानीच्या गोष्टीतून कळलं असं मी म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. ते मला १९७२ साली कळलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. दुष्काळ तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. विहिरी तळाला गेल्या होत्या. आई आणि आजी दोघी खडी फोडायला जायच्या. आम्हा पोरांना कामावर सुकडी मिळायची. घरात बाजरी नव्हती. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला मिलो म्हणत. त्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, तव्यावरच भेगाळायची. तरी आजीचा डबा चालूच होता. बाजरीच्या जागी मिलोची मूठ पडायची.

आमचे पाळक मोठे दयाळू. घरोघरची परिस्थिती त्यांना दिसत होती. एका रविवारी त्यांनी उपासनेत सांगितलं की पाऊस पडेपर्यंत कुणीही मूठ काढू नये, देवाला तुमची अडचण समजते. सगळ्यांना हायसं वाटलं. आजी मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी डबा पदराखाली घेऊन ती पाळकांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी बरोबर होते. पाळकांनी समजावलं, “आजी, तुमच्याच पोरांच्या तोंडात घाला ते.” ती म्हणाली, “पोरांच्या तोंडात घालूनच आणलंय. माझ्या वाटणीचं हाय ह्ये. मला मागतकरीन करू नगा परत.” परत. तो शब्द तेव्हा मला कळला नव्हता. पाळकांना कळला. ते आत गेले, रिकामं घमेलं आणलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. आजीनं डबा त्यात उपडा केला. पुढच्या रविवारी त्यांनी आपली सूचना मागे घेतली. म्हणाले, ज्याला जमेल त्यानं आणावं, ज्याला जमणार नाही त्यानं आणू नये, आणि कुणी कुणाकडे बघू नये.

पुढे नोकरीत असताना मिझोरमच्या मंडळ्यांविषयी वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे तो कोनाडाच आला. १९१०च्या सुमारास तिथल्या स्त्रियांनी एक रीत सुरू केली. तिला ते बुहफाइ थाम म्हणतात. बुहफाइ म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. दोन्ही वेळा भात शिजवायला तांदूळ काढताना बाई एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते, बायका ते घरोघरून गोळा करतात, ते विकलं जातं आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. सुरुवात झाली तेव्हा मिझो डोंगरांत लिपी येऊन पंधरा-सोळा वर्षंच झाली होती. बाईच्या हातात रोकड नव्हती, मंडळीच्या कारभारात तिला विचारत नव्हते. तिच्या ताब्यात होतं ते तांदळाचं माप. तिनं त्या मापातून आपलं अर्पण काढलं. आणि लगेच, १९११-१२ मध्ये, तिथे मौताम आला. बांबूला फुलोरा येतो, ते बी खाऊन उंदरांच्या झुंडी वाढतात आणि मग शेतातलं सगळं फस्त करतात. असा दुष्काळ त्या डोंगरांत साधारण अर्ध्या शतकानं एकदा येतो. कोवळी रीत अशा दुष्काळात मरून जायला हवी होती. ती आज शंभर वर्षांनंतरही चालू आहे आणि त्या मुठींतून दरवर्षी काही कोटी रुपये उभे राहतात. त्यांवर सुवार्तिक पोसले जातात, शाळा चालतात. जेवायला काही असेल तर द्यायलाही काही असणारच, असं तिथल्या बायकांचं म्हणणं. हे माझी आजीही म्हणाली असती. त्यांची आणि तिची ओळख होण्याचं कारण नव्हतं.

पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र या संदर्भात जरूर वाचा, आठवा आणि नववा अध्याय. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कंगाल, छळानं गांजलेल्या. पौलाला त्यांच्याकडून अपेक्षा नव्हती. त्यांनीच त्याला विनवलं की आम्हालाही यात वाटा घेऊ द्या. वाटा घेऊ द्या! देण्याला ते कृपा म्हणत होते आणि ती मागत होते. आणि त्याच आठव्या अध्यायात पौल दुसरीही गोष्ट स्पष्ट करतो: माणसाजवळ जे आहे त्यावरून दान मोजावं, जे नाही त्यावरून नव्हे, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं, असा त्याचा हेतू नाही. पाळकांची ती दुसरी सूचना मला इथे सापडली.

कवी नारायण वामन टिळकांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. ख्रिस्ताचं काम आता वेतन घेऊन करायचं नाही, असं ठरवलं. पुढे दोन वर्षांतच, १९१९च्या मे महिन्यात, ते गेले. टिळकांच्या त्यागाविषयी खूप बोललं जातं आणि बोललं जावंच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हेही दिसतं की टिळक जे देत सुटायचे ते लक्ष्मीबाईंच्या फडताळातून जायचं. घरातला एकजण उधळून देतो तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातली भाकरी कमी होते. लक्ष्मीबाईंनी ते सोसलं, अनाथ मुलांना पोटाशी धरलं, आणि कशाचाही आव न आणता लिहून ठेवलं. टिळकांच्या अर्पणाचा निम्मा हिशेब त्यांच्या नावावर मांडला पाहिजे.

आता रमाबाई.

१८७४च्या आसपासचा दुष्काळ. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलं दक्षिणेत गावोगाव पुराण सांगत फिरत होती. होतं ते सगळं संपलं. शरीरकष्ट शास्त्र्याच्या घरात माहीत नव्हते, भीक मागणं कमीपणाचं. आधी वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली. तिला भाकरीचा तुकडा हवा होता. सोळा वर्षांची रमा शेजारणीच्या दारी बाजरीची भाकरी मागायला गेली. रमाबाईंनी पुढे स्वतः हा प्रसंग सांगितला आहे. तोंड उघडेना, शब्द फुटेना, लाजेनं जीव जाईल असं झालं. शेजारीण मायाळू होती. तिनं भाकरी दिली. पण आईला ती खाता आली नाही. आई गेली आणि काही महिन्यांनी थोरली बहीणही.

माझ्या पणजोबांची भाकरी आणि रमाबाईंची भाकरी मी एकमेकींशेजारी ठेवून पुष्कळदा पाहिल्या आहेत. एकाला मागणं जन्मानं नेमून दिलेलं, दुसरीला मागणं जन्मानं मना केलेलं. पण दारात उभं राहिल्यावर घशात येणारा आवंढा एकच.

त्यानंतरचा त्यांचा प्रवास तुम्हाला माहीत आहे. १८७८ साली कलकत्त्यात मिळालेली पंडिता ही पदवी, बिपिन बिहारी मेधावींशी विवाह आणि लगेच आलेलं वैधव्य, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून तिच्या उत्पन्नातून इंग्लंडचं भाडं जमवणं, १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. शारदा सदनासाठी अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, आणि ते उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. छावण्यांमधल्या मुलींची दशा पाहिली. उपासमार होतीच, त्याहून वाईट म्हणजे त्या मुली नको त्या माणसांच्या हाती लागत होत्या. रमाबाईंनी सुमारे तीनशे जणी गोळा करून आणल्या. त्यांत सगळ्या जातींच्या होत्या. वचन दिलेल्या पैशांत त्यांची तरतूद नव्हती. केडगावला जागा होती, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तीच मुक्ती मिशन संस्था झाली. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्याही मुली आल्या आणि १९००च्या सुमारास मुक्तीत जवळजवळ दोन हजार जणी होत्या. दोन हजार ताटं, दोन वेळा. मी फक्त सुट्टीत घरी आलेल्या बारा नातवंडांचा स्वयंपाक केलेला आहे, तेव्हा तो आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

पण रमाबाईंचं सर्वात मोठं अर्पण मला याहून वेगळं वाटतं, आणि आजच्या दिवशी मी ते सांगायलाच आले आहे.

वडिलांनी त्यांना जमीन ठेवली नव्हती, दागिने ठेवले नव्हते. ठेवलं होतं फक्त संस्कृत. बायकोला देववाणी शिकवली म्हणून अनंतशास्त्र्यांना शास्त्र्यांच्या सभेत जाब द्यावा लागला होता. आईनं गावोगावच्या मुक्कामांत पहाटे उठवून हजारो श्लोक पाठ करून घेतले होते. भुकेनं सगळं नेलं, ते तेवढं राहिलं. त्याच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितांनी मान तुकवली. ते या बाईचं स्त्रीधन होतं.

आयुष्याच्या अखेरच्या सतरा-अठरा वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. ते करताना ठरवलं की संस्कृत वळणाचे शब्द शक्य तेवढे टाळायचे. खेड्यातल्या बाईला, मुक्तीत नुकतीच अक्षरं गिरवलेल्या मुलीला कळेल अशी भाषा हवी. जिच्या तोंडी संस्कृत श्वासासारखं होतं, तिनं एकेक ओळीत ते बाजूला काढून ठेवलं. मी मराठीची शिक्षिका आहे. कळणाऱ्यासाठी सोपं लिहिणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. हातात आलेला भरजरी शब्द खाली ठेवायचा आणि जाडाभरडा उचलायचा, हे एका पानासाठी करणंही कठीण जातं. त्यांनी ते उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत केलं. पंडितांना ते भाषांतर ओबडधोबड वाटलं. वाटणारच. बेथानीतल्या शिष्यांनाही तो नाशच वाटला होता.

१९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात, चाळीस वर्षांची. रमाबाई स्वतः आजारी. तरी छपाईची कच्ची पानं तपासणं सुरूच राहिलं. अखेरची पानं तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. छापील ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

आणि तो छापला कुणी? मुक्तीतल्याच स्त्रियांनी. छापखाना केडगावला, खिळे जुळवणाऱ्या त्या, कागद चढवणाऱ्या त्या, पुस्तक बांधणाऱ्याही त्याच. मार्काच्या बाराव्या अध्यायाचे खिळेही त्यांच्यातल्याच कुणीतरी जुळवले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या छावणीतून आलेली, तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या अशी एखादी, आता तिशीतली बाई. पुढ्यात खिळ्यांचे खण, डाव्या हातात जुळणीची पट्टी. बाराखडी तिनं इथेच गिरवलेली. रमाबाईंच्या हस्ताक्षरातलं पान समोर टांगलेलं आहे, त्यावर एका गरीब विधवेची गोष्ट आहे, आणि ती बाई शाईनं काळ्या झालेल्या बोटांनी एकेक अक्षर उचलून ओळीत बसवते आहे, उलटं, डावीकडून उजवीकडे, कानामात्रा चुकू न देता.